नेट खरंच हळू आहे का? आधी मोजू या



आमच्या ग्रामसंघाच्या एका मासिक बैठकीत ठराव आला. कार्यालयातलं वायफाय फार हळू चालतं, व्हिडिओ कॉल तुटतो, कर्जप्रकरणाचे कागद चढता चढत नाहीत, म्हणून ५० एमबीपीएसचा प्लॅन सोडून १०० चा घ्यावा. महिन्याला २०० रुपये जास्त. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की २३६. वर्षाचे २,८३२ रुपये. महिना शंभर रुपये बचत करणाऱ्या दहा जणींच्या गटाची ही जवळजवळ तीन महिन्यांची बचत झाली.

हात वर होणार तेवढ्यात कोषाध्यक्षताईंनी विचारलं, "आत्ता किती स्पीड येतोय, ते कुणी मोजलंय का?"

कुणीच मोजलं नव्हतं. प्लॅनवर ५० लिहिलंय म्हणून ५० येत असणार, आणि तो पुरत नाही म्हणून १०० पाहिजे, असा आमचा सरळ हिशोब. ठराव एक महिना पुढे गेला आणि मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्या महिन्यात जे कळलं ते या पाठात लिहिते आहे. तुमच्याकडे वायरचं वायफाय असो की फक्त मोबाईलचं रिचार्ज, दोघींनाही यातलं बरंच लागू पडेल.

आपला आता नेटशी संबंध फक्त गाणी-सिनेमापुरता राहिलेला नाही. गटांच्या वह्या संगणकावर नेण्यासाठी नाबार्डने २०१५ साली ई-शक्ती प्रकल्प सुरू केला, तेव्हा पहिल्या दोन जिल्ह्यांत झारखंडचं रामगढ होतं आणि आपलं धुळे होतं. त्यानंतर नोंदी, बँकेचे कागद, प्रशिक्षण, मालाची ऑर्डर असं सगळं हळूहळू मोबाईलवर आलं. म्हणजे नेट हाही आता आपला कच्चा माल. उडदाची डाळ घेताना आपण वजनकाट्याकडे बघतो. नेट घेताना मात्र काटाच बघत नाही.

पापड आणि पुडकी

पहिला घोटाळा शब्दांचा आहे, तो आधी सोडवू.

कंपनी सांगते "५० एमबीपीएस". मोबाईलमधला फोटो सांगतो "३ एमबी". दोन्हीकडे एमबी दिसतं म्हणून आपल्याला वाटतं, एका सेकंदात ५० एमबी येणार, म्हणजे पंधरा-सोळा फोटो. तसं नाही. कंपनीचा एमबी हा मेगाबिट आहे आणि फोटोचा एमबी हा मेगाबाइट. आठ बिट मिळून एक बाइट होतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर आठ पापडांचं एक पुडकं. कंपनी सुटे पापड मोजते, फोटो पुडक्यांत मोजला जातो. ५० पापड म्हणजे सव्वासहा पुडकी. म्हणून ५० एमबीपीएसची लाईन पूर्ण जोरात चालली तरी सेकंदाला जास्तीत जास्त सव्वासहा एमबी येतं. कंपनी इथे खोटं बोलत नाही. जगभर लाईनचा वेग बिटांतच मोजतात. फक्त आपण घरी येऊन आठने भागायचं.

हाच भागाकार उलट्या बाजूने करून बघा. मोबाईलचा दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा संपला की बहुतेक रिचार्जमध्ये नेट पूर्ण बंद होत नाही, ६४ केबीपीएसवर येतं. ६४ ला आठने भागलं की सेकंदाला ८ केबी. २ एमबीचा आधार कार्डाचा फोटो चढवायचा तर अडीचशे सेकंद लागतील, म्हणजे चार मिनिटांहून जास्त, तेही मध्ये तुटलं नाही तर. संध्याकाळी फॉर्म भरायला बसल्यावर "आज साईटच चालत नाही" असं आपण म्हणतो, तेव्हा कधी कधी साईट बरी असते. दुपारी मुलांनी डेटा संपवलेला असतो. म्हणून कुठलीही चाचणी करण्याआधी रिचार्जमधला शिल्लक डेटा बघा.

चाचणी कशी करायची

तीन साधनं सांगते. तिन्ही फुकट आहेत.

सगळ्यात सोपं फास्ट डॉट कॉम. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये हा पत्ता इंग्रजीत टाइप केला की पान उघडल्याबरोबर मोजणी आपोआप सुरू होते. मोठ्या अक्षरात एक आकडा येतो, तो खाली उतरवण्याचा वेग. त्याखालच्या बटणावर दाबलं की बाकीचे आकडेही दिसतात. दुसरं ऊकला कंपनीचं स्पीडटेस्ट नावाचं ॲप. त्यात गोल बटण दाबायचं आणि अर्धा मिनिट थांबायचं. तिसरं मायस्पीड. हे ट्रायचं, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचं ॲप आहे. मोबाईल कंपन्यांवर देखरेख ठेवणारी ही सरकारी संस्था. तुम्ही मोजलेला आकडा या ॲपमधून ट्रायकडेही पाठवता येतो, म्हणून मला ते जवळचं वाटतं.

एक सावधगिरी. चाचणी म्हणजे खरोखरीचा डेटा आणून-पाठवून बघणं, त्यामुळे ती डेटा खाते, आणि नेट जितकं वेगवान तितका जास्त. ५० एमबीपीएसच्या वेगाने दहा सेकंद उतरवलं तर साठ एमबीच्या वर गेले, चढवण्याचे वेगळे. वायरच्या वायफायवर याचं काही वाटणार नाही. पण दिवसाला एक जीबीचं रिचार्ज असेल तर हौसेने दहा वेळा बटण दाबू नका.

मोजताना घरातले बाकीचे मोबाईल आणि टीव्ही थोडा वेळ वायफायवरून काढा. एकाच नळाला चार पाइप लावून पाचव्या पाइपाची धार मोजली, तर ती धार नळाची नव्हे.

तीन आकडे येतात, तिन्ही वाचा

पहिला आकडा डाउनलोडचा. बाहेरून आपल्याकडे किती वेगाने येतं तो. व्हिडिओ बघणं, फाईल उतरवणं याच्यासाठी हा.

दुसरा अपलोडचा. आपल्याकडून बाहेर किती वेगाने जातं तो. जाहिरातीत हा फारसा सांगत नाहीत आणि आपणही विचारत नाही, पण गटाच्या कामाला बऱ्याचदा हाच नडतो. फोटो चढवणं, कर्जाचे कागद पाठवणं, व्हिडिओ कॉलवर आपला चेहरा आणि आवाज समोर जाणं, हे सगळं अपलोड. एक खूण सांगते. कॉलवर समोरची बाई तुम्हाला छान दिसते, छान ऐकू येते, आणि ती मात्र म्हणते, "ताई, तुमचा आवाज तुटतोय," तर बहुतेक वेळा तुमचं अपलोड कमी पडतंय. फायबरच्या पुष्कळ प्लॅनमध्ये डाउनलोड आणि अपलोड सारखेच असतात. मोबाईलवर अपलोड बरंच कमी असतं. डाउनलोड २० दिसतंय आणि अपलोड जेमतेम १, असं सहज होतं.

तिसरा आकडा पिंगचा. काही ठिकाणी त्याला लेटन्सी म्हणतात. हा वेग नव्हे, वेळ आहे. शेताच्या या बांधावरून "ओ ताई" अशी हाक मारली आणि त्या बांधावरून "ओ" आली, त्यात गेलेला वेळ म्हणजे पिंग. तो मिलिसेकंदात मोजतात, एका सेकंदाचे हजार मिलिसेकंद. इथे आकडा जितका लहान तितकं चांगलं. वीस-तीस आला तर उत्तम. दीडशे-दोनशेच्या वर गेला की कॉलवर दोघी एकदम बोलायला लागतात, मग दोघी एकदम थांबतात. तेव्हा डाउनलोड कितीही असो, उपयोग नाही.

आता किती स्पीड "पुरतो" ते बघू. यूट्यूबवर साधारण बऱ्या चित्रासाठी सव्वा एमबीपीएसच्या आत काम भागतं, अगदी स्वच्छ एचडीसाठी ५ लागतात. दोघींचा व्हिडिओ कॉल दीड-दोन एमबीपीएसमध्ये नीट होतो, पण तेवढे दोन्ही बाजूंनी पाहिजेत. यूपीआयने पैसे पाठवायला तर किरकोळ डेटा लागतो. त्यामुळे पैसे अडकले की स्पीडला दोष देऊ नका. तिथे सिग्नल तुटलेला असतो किंवा बँकेकडे अडचण असते. आपल्या देशात ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला आधी किमान ५१२ केबीपीएस पुरत होते, २०२३ पासून किमान २ एमबीपीएस ठरवले आहेत. हे आकडे पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं की आमच्या कार्यालयात एका वेळी चार-पाच मोबाईल आणि एक संगणक चालतो, त्याला ५० हे भरपूर आहेत. मग अडतंय कुठे?

वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे

हीच गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली, म्हणून इथे जरा थांबते.

गावाच्या टाकीतून तुमच्या दारापर्यंत पाइप येतो, आणि दारातल्या नळापासून न्हाणीघरापर्यंत तुम्ही रबरी नळी लावता. पाइप म्हणजे इंटरनेटची लाईन. नळी म्हणजे वायफाय, राउटरपासून मोबाईलपर्यंत हवेतून येणारं. न्हाणीत पाणी बारीक येत असेल तर दोष पाइपाचा असेल किंवा नळीला पीळ पडला असेल. नळीला पीळ असताना टाकीवाल्याला जास्त पैसे देऊन काय होणार?

ओळखायचं कसं? दोन ठिकाणी मोजायचं. एकदा राउटरपासून दोन हातांवर उभं राहून आणि एकदा नेहमी जिथे बसून काम करता तिथून. राउटरजवळ आकडा प्लॅनइतका आणि कामाच्या जागी फार कमी, तर दोष घरातला. राउटरजवळही कमीच, तर दोष लाईनचा.

आमच्या कार्यालयात काय निघालं ते सांगायला जरा लाज वाटते. राउटर चोरीला जाऊ नये म्हणून आम्ही तो लोखंडी कपाटात ठेवला होता. वायर जायला मागे भोक पाडलेलं, दार बंद, कुलूप लावलेलं, किल्ली सचिवताईंकडे. टेबलावर बसून मोजलं तर ४. कुलूप काढून कपाटाचं दार उघडलं तर टेबलावरच २१. राउटर बाहेर काढून भिंतीवरच्या फळीवर, डोक्याच्या उंचीवर ठेवला तर ४५. आम्ही ५० च्या लाईनचे पैसे भरत होतो आणि ४६ कपाटात कुलूप लावून ठेवत होतो.

वायफायला लोखंड चालत नाही, पाणी चालत नाही आणि जाड भिंत चालत नाही. स्टीलची मांडणी, पाण्याची टाकी, फ्रिज, धान्याची कोठी यांच्यामागे राउटर ठेवू नका. जुन्या घरांच्या दीड-दोन फुटी दगडमातीच्या भिंतीपलीकडे सिग्नल मरतुकडा होतो. घराच्या मधोमध, उंचावर, उघड्यावर ही त्याची जागा. देव्हाऱ्याशेजारी ठेवला तरी त्याची तक्रार नसते.

तुमच्या राउटरची दोन नावं दिसत असतील, एक साधं आणि एक शेवटी ५जी लिहिलेलं, तर हा ५जी म्हणजे मोबाईलचा ५जी नव्हे. भारतात मोबाईलचा ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. राउटरवरचं नाव त्याआधीपासूनचं आहे आणि तिथे त्याचा अर्थ ५ गिगाहर्ट्झ असा आहे. या नावावर वेग जास्त मिळतो, पण पल्ला कमी. दुसऱ्या, २.४ गिगाहर्ट्झच्या नावावर वेग कमी, पण भिंतीपलीकडे तेच टिकतं. राउटरच्या खोलीत ५जी जोडा, मागच्या खोलीत साधं.

वायर जिथे घरात शिरते तिथेही एकदा डोळे लावा. फायबरची तार तांब्याची नसते. आत केसासारखी काच असते आणि तिच्यातून उजेड पळतो. ती खिळ्याला गुंडाळली, दारात चेपली, तीव्र वळण दिलं, की उजेड वाटेतच सांडतो. तिच्या डब्यावर एलओएस लिहिलेला छोटा दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर तार कुठेतरी तुटली आहे. तेव्हा चाचणी करत बसू नका, सरळ तक्रार नोंदवा.

आणखी एक, मोठा प्लॅन घेणाऱ्यांसाठी. जुन्या किंवा स्वस्त राउटरमधून १०० एमबीपीएसच्या आतच वेग बाहेर पडतो, साधारण ९४ च्या आसपास अडतो. अशा राउटरवर २०० चा प्लॅन घेतला तर वरच्या शंभराचे पैसे फुकट. प्लॅन वाढवण्याआधी वायरवाल्याला विचारा, "हा राउटर तेवढा स्पीड देतो का?"

रात्री नऊ वाजता

कपाटाचा किस्सा ऐकून बैठकीत हशा झाला आणि ठराव मागे घेतला. पण गोष्ट तिथे संपली नाही. मी मोजायचं सोडलं नव्हतं. सकाळी ४५, दुपारी ४४ आणि रात्री नऊला, राउटरच्या शेजारी उभं राहून, ७.

हा दोष आपला नव्हे. पाणी सुटल्यावर सगळी आळी एकदम नळ सोडते, तेव्हा टोकाच्या घरी करंगळीएवढी धार येते, तसंच हे. एकाच मोठ्या लाईनवर गावातली पुष्कळ घरं जोडलेली असतात. दिवसा सगळे कामाला, म्हणून भरपूर मिळतं. रात्री घराघरात मालिका आणि क्रिकेट. थोडंफार कमी होणं मान्य, पण ४५ चे ७ होत असतील तर पुरवणाऱ्याने लाईन आहे त्यापेक्षा जास्त घरांना वाटली आहे, अशी शंका घ्यायला जागा आहे.

पहिल्यांदा फोन केला तेव्हा "राउटर बंद करून चालू करा" असं उत्तर मिळालं. दुसऱ्यांदाही तेच. मग आम्ही आपल्या पद्धतीने गेलो. पंचसूत्रीतलं लेखे ठेवण्याचं सूत्र आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. एका वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, जागा, डाउनलोड, अपलोड, पिंग, आणि शेवटी शेरा. सकाळ, दुपार, रात्र असं सात दिवस लिहिलं, प्रत्येक वेळी पडद्याचा फोटो काढून ठेवला. तिसऱ्या वेळी फोनवर "नेट स्लो आहे" असं म्हटलंच नाही. "सोमवार ते रविवार रात्री नऊला राउटरजवळ ६ ते ९ एमबीपीएस येतोय, सकाळी ४५ येतो, नोंदी आहेत, तक्रार क्रमांक द्या," असं म्हटलं. दोन दिवसांनी माणूस आला, वही बघितली, खांबावर चढला. नेमकं काय केलं ते त्याने सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी रात्रीचा आकडा ३० च्या पुढे सरकला होता. अजून ४५ नाही, पण रात्रीच्या प्रशिक्षणाचा कॉल आता तुटत नाही.

तक्रार क्रमांक मागायला विसरू नका. तो नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. आणि उत्तर समाधानकारक नसेल तर प्रत्येक कंपनीला अपील ऐकणारं वरचं प्राधिकरण ठेवावंच लागतं. तिथे ३० दिवसांच्या आत, त्याच क्रमांकावर अपील करता येतं, त्याला फी नाही.

तक्रारीआधी प्लॅनची बारीक अक्षरं मात्र वाचून घ्या. "५० एमबीपीएसपर्यंत" असं लिहिलेलं असतं, आणि सगळी गंमत त्या "पर्यंत"मध्ये असते. "अनलिमिटेड" लिहिलेल्या प्लॅनखालीही महिन्याची मर्यादा असते, पुष्कळ ठिकाणी ३,३०० जीबी. ती ओलांडली की वेग उतरतो. साध्या घरात ती संपत नाही, पण चार घरांनी मिळून एक वायफाय वापरलं तर हिशोब वेगळा होतो. सिनेमे बघणारी तरुण पोरं असतील तर आणखी वेगळा.

फक्त मोबाईल असेल तर

आपल्यापैकी अनेक जणींकडे वायर पोचलेलीच नाही. भारतनेट प्रकल्पातून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचं काम २०११ साली मंजूर झालं. पण पंचायतीत तार आली म्हणजे आपल्या घरात आली असं नाही. तोवर मोबाईल हाच आधार.

मोबाईलवरच्या काड्या सिग्नल किती जोरात येतोय ते दाखवतात, नेट किती वेगाने येतंय ते नाही. काड्या पूर्ण आणि नेट ठप्प, असं रात्री होतं तेव्हा टॉवरवर गर्दी असते. काड्याच कमी असतील तर अंतर किंवा आडोसा कारण. आणि आपल्याकडचा मोठा आडोसा डोक्यावरच असतो, तो म्हणजे पत्रा. पत्र्याच्या घरात सिग्नल बाहेरच्या बाहेर परततो. एकदा घरात मोजा, मग ओट्यावर येऊन मोजा. फरक पडला तर महत्त्वाचं काम ओट्यावर बसून करा, किंवा मोबाईल खिडकीत ठेवून त्याचा हॉटस्पॉट घरात घ्या. वेग एकदम पडला असेल तर विमान मोड दहा सेकंद चालू करून बंद करा. मोबाईल टॉवरशी नव्याने जोडला जातो आणि कधी कधी कमी गर्दीची वाट मिळते.

कंपनी बदलायची असेल तर गावात कोण काय म्हणतं त्यावर जाऊ नका. त्या कंपनीचं सिम असलेल्या शेजारणीला चहाला बोलवा, तिच्या मोबाईलवर तुमच्या घरात सकाळी एकदा आणि रात्री एकदा मोजा. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. पोर्ट हा शब्द इंग्रजीत, पुढे जागा सोडून आपला नंबर, असा संदेश १९०० वर पाठवला की कोड येतो. तो कोड नव्या कंपनीच्या दुकानातच द्यायचा, फोनवर कुणाला नाही.

तसंच "नेटचा वेग दुप्पट करणारं" ॲप कुठलं दिसलं तर घेऊ नका. लाईनमध्ये जे नाही ते ॲप आणू शकत नाही. ते फक्त तुमचे संपर्क आणि फोटो बघायची परवानगी मागतं. "तुमचं सिम ५जी करून देतो, आलेला ओटीपी सांगा" असेही फोन येतात. असा फोन आला तर काही न बोलता बंद करा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

शेवटी एक राहिलं. चाचणीत आकडा छान येतो, यूट्यूब पळतं, आणि एकच सरकारी साईट हलत नाही. विशेषतः अर्जाच्या शेवटच्या तारखेला. तेव्हा तुमची लाईन बरी आहे, दोष पलीकडच्या टोकाला आहे. तिथे लाखो लोक एकदम आलेत. कितीही महाग प्लॅन घेतला तरी ती रांग पुढे सरकत नाही. अशी कामं तारखेच्या चार दिवस आधी, सकाळी सातच्या सुमारास करा.

पुढच्या गट बैठकीला येताना एवढं करून या. घरात दोन जागी, सकाळी आणि रात्री नऊला, अशा चार चाचण्या घ्या आणि सहा आकडी नोंद नको, नुसतं डाउनलोड, अपलोड आणि पिंग लिहून आणा. कंपनीचं नाव आणि महिन्याचं बिल शेजारी लिहा. सगळ्या गटांचे कागद एकत्र आले की कुठल्या वस्तीत कुठली लाईन रात्री टिकते ते आपल्यासमोर येईल, आणि पुढच्या प्रभाग बैठकीत पुरवणाऱ्याला बोलवायचं ठरलं तर हातात वही असेल. राउटर कपाटात असलेल्यांनी तो आजच बाहेर काढा, त्यासाठी बैठकीची वाट बघायची गरज नाही.